असईची पलटण टेबलावर उभी करताना

टेबलावर लढाई खेळणारा माणूस आपल्या शिपायांकडे तीन फुटांवरून बघत असतो. तो उभा असतो, हातात फासे असतात आणि नजर पलटणीवर असते, एकेका शिपायावर नाही. एवढं ध्यानात ठेवलं तर रंगवण्याची निम्मी धास्ती तिथेच संपते. तीन फुटांवरून कोटाची बटणं दिसत नाहीत. दिसतात त्या चार गोष्टी: पायाखालचा बेस, डोक्यावरचा झेंडा, चेहऱ्यांचा उजळपणा आणि गडद-फिक्या रंगांमधला ठसठशीत फरक. वेळ खर्चायचा तो या चार ठिकाणी. बाकी ठिकाणी नीटनेटकं काम पुरतं. काचेच्या कपाटात ठेवायची एकच मूर्ती रंगवायची असेल तर गोष्ट वेगळी. पण आपल्याला सैन्य उभं करायचं आहे, आणि अर्धवट रंगवलेलं सैन्य हा या छंदातला सगळ्यात जुना रोग आहे.

उदाहरणासाठी एकच लढाई धरू: असई, २३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्ली आणि दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा भिडल्या. ती निवडण्याचं कारण अभिमान नव्हे, सोय आहे. रंगवणाऱ्यापुढे येणारे तीन वेगवेगळे प्रश्न या एका लढाईत येतात. किल्ट घातलेले हायलँडर आहेत, लाल कोटातले मद्रासी शिपाई आहेत, आणि गणवेश नावाची गोष्टच नसलेले मराठी घोडेस्वार आहेत. या तिघांवर हात बसला की बहुतेक कुठलंही सैन्य रंगवता येईल.

खरेदीआधी दोन गोष्टी ठरवा. पहिली, आकार. ६, १५ आणि २८ मिलिमीटर हे रूढ आकार. ६ मध्ये गर्दी छान दिसते आणि रंगकाम जवळजवळ ठिपक्यांचं असतं. २८ मध्ये चेहरे आणि कापडाच्या चुण्या रंगवण्याची मजा आहे, पण कपाट लवकर भरतं. जागा कमी आणि लढाई मोठी हवी असेल तर १५ घ्या. आकड्याच्या भरवशावर दोन उत्पादकांच्या फिगर एका पलटणीत मिसळू नका. एकाचा २८ दुसऱ्याच्या खांद्याला लागतो. वेगवेगळ्या पलटणींसाठी चालतं, तिथे डोळा तुलना करत नाही.

दुसरी गोष्ट, साल. नेपोलियनकालीन ब्रिटिश फिगर मुबलक मिळतात, पण त्यातल्या पुष्कळशा वॉटर्लूच्या, म्हणजे १८१५ च्या असतात. पुढची बाजू उंच असलेली त्यांची शॅको टोपी १८१२ च्या सुमारास आली. ती घातलेला शिपाई असईला उभा करणं म्हणजे पानिपतावर रेल्वे आणणं. झेंड्याचंही तसंच. ७४ व्या आणि ७८ व्या हायलँडर पलटणीला हत्तीचं चिन्ह मिळालं ते असईच्या पराक्रमाबद्दल, लढाईनंतर. छापील झेंड्यांच्या संचात हत्ती असला तर तो त्या दिवशीच्या रणांगणावर नको. बटणं चुकली तर कोणी बोलत नाही, हत्ती मात्र लगेच दिसतो.

फिगर हाती आल्यावर रंगाच्या बाटलीकडे धाव घेऊ नका. साच्याच्या दोन अर्ध्यांमधली बारीक शिवण अंगभर दिसते. ती धारदार पातीच्या पाठीने खरवडा, धातूवर बारीक कानस फिरवा. खांदा, पायाची बाजू आणि टोपी इथली शिवण राहिली तर पुढे ड्रायब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासल्यावर, ती नेमकी उठून दिसते. मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. साच्यातला तेलकट थर गेला नाही तर रंग बोटाने सुटतो. धातू आणि रेझिन फेविक्विकने चिकटतात. कडक प्लास्टिकला मात्र पॉलिस्टायरीन सिमेंट हवं, ते प्लास्टिक किंचित विरघळवून दोन भाग सांधतं. जुन्या धातूच्या फिगरमध्ये शिसं असू शकतं, म्हणून काम झाल्यावर हात धुवायचे आणि ब्रशचं टोक ओठांत घेऊन निमुळतं करण्याची सवय सोडायची. थ्रीडी प्रिंट केलेल्या रेझिनवर कानस मारताना ते ओलं ठेवा आणि मास्क लावा.

प्रायमरच्या, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराच्या, बाबतीत परदेशी पुस्तकांपेक्षा आपलं हवामान मोठं. जुलैत मुंबईत किंवा कोकणात स्प्रे मारला की दमटपणामुळे वर पांढुरकी बुरशीसारखी छटा येते. मे महिन्यात भर दुपारी नागपुरात मारला तर रंग हवेतच सुकतो आणि फिगरवर खरखरीत धूळ बसते. कोरडी सकाळ गाठा, डबा आधी भरपूर हलवा आणि आठ-दहा इंचांवरून झटके देत मारा. पाऊस लांबला तर ब्रशने लावायचं प्रायमर सरळ वापरा. वेळ थोडा जास्त लागतो, पण चार महिने थांबावं लागत नाही. रंग कुठला? काळ्यावर चुका झाकतात, पण लाल आणि पिवळा काळ्यावर चढता चढत नाही. लाल कोटांच्या सैन्याला तपकिरी किंवा करडं प्रायमर बरं.

रंग अॅक्रिलिक. वायेहोसारख्या ड्रॉपर बाटल्यांतले रंग फिगरसाठी बनवलेले असतात, त्यांचे कण बारीक असतात. कॅमलचे चित्रकलेचे अॅक्रिलिक घट्ट असतात. ते बेस, घरं, डोंगर यांना उत्तम, आणि पातळ करून कपड्यांच्या मोठ्या भागांनाही चालतात. सगळं एकदम मागवू नका. लाल, निळा, पांढरा, काळा, दोन तपकिरी, एक पिवळी माती, एक हस्तिदंती, पितळ आणि पोलाद एवढ्यावर असई उभी राहते. ब्रश दोन चांगले आणि तीन टाकाऊ. चांगल्यांची टोकं शाबूत हवीत आणि रंग धातूच्या नळीपर्यंत चढू द्यायचा नाही. टाकाऊ ब्रश धातूरंग आणि ड्रायब्रशसाठी. धातूरंगाचं पाणी वेगळं ठेवा, नाहीतर चकाकीचे कण लाल कोटावर जाऊन बसतात. पॅलेटसाठी डब्याच्या झाकणात ओला टिशू आणि त्यावर बेकिंगचा कागद पसरा. पंख्याखालीसुद्धा रंग तासभर ओला राहतो. दाट एका थरापेक्षा पातळ दोन थर, हा नियम मात्र कुठेही मोडू नका.

आता पलटण. बाटलीच्या बुचांवर किंवा आइसक्रीमच्या काड्यांवर दुहेरी टेपने फिगर चिकटवा आणि आठ-दहा एकदम घ्या. चोवीस एकदम घेतल्या तर तिसऱ्या रंगालाच कंटाळा येतो. क्रम कपडे चढवण्याचा: आधी त्वचा, मग कोट, मग खालचं वस्त्र, मग पट्टे, शेवटी बंदूक आणि धातू. आतून बाहेर आलं की चुकून लागलेला रंग पुढचा थर झाकत जातो.

मद्रास पलटणीचा शिपाई म्हणजे लाल कोट, छातीवर फुलीसारखे पांढरे पट्टे, आखूड पांढरा चोळणा, उघडे पाय, पायात चपला. लालाची सुरुवात तपकिरीकडे झुकणाऱ्या गडद लालाने करा. त्यावर मुख्य लाल लावताना चुण्यांच्या खोलगट जागा सोडून द्या. उंचवट्यांवरच्या शेवटच्या रेघेसाठी लालात पांढरा मिसळू नका, कोट गुलाबी होतो. थोडा नारिंगी मिसळा. पांढऱ्या पट्ट्यांना आधी करडा किंवा मातकट रंग द्या आणि त्यावर हस्तिदंती अशा बेताने ओढा, की कडेला खालचा रंग केसाएवढा उरेल. पट्टा आणि कोट यांच्यामधली ही गडद रेघ तीन फुटांवरून सगळ्यात जास्त काम करते. ती नसली तर शिपाई लाल-पांढऱ्या डागासारखा दिसतो. निव्वळ पांढरा रंग फक्त अगदी टोकांवर. छोट्या वस्तूवर रंग मुळापेक्षा गडद भासतो, म्हणून सगळ्या छटा खऱ्या कापडापेक्षा एक पायरी उजळ ठेवा. नीळ तर विशेष, नाहीतर ती काळी दिसते.

चेहऱ्यासाठी एकच तपकिरी सगळ्यांना फासू नका. मद्रासी शिपायांत तीन छटा करा आणि रांगेत विखरून टाका. २८ मिलिमीटरमध्ये चेहरा जेमतेम हरभऱ्याएवढा असतो, आणि त्यावर कामाच्या जागा पाचच: नाक, दोन गालफडं, हनुवटी, आणि टोपीखाली कपाळ दिसत असेल तर ते. गडद तपकिरी थर, त्यावर लालसर-तपकिरी वॉश, म्हणजे खोलगट जागांत साचणारा पातळ रंग. वॉश हनुवटीखाली साचला तर कोरड्या ब्रशने टिपून घ्या. सुकल्यावर मूळ रंगात थोडी पिवळी माती मिसळून या पाच जागांवर एकेक टेकवणी द्या. खालच्या ओठावर किंचित लालसर. झालं. डोळे रंगवू नका. टोपीच्या सावलीत डोळे दिसत नाहीत, आणि चुकलेली बुबुळं असलेली पलटण सगळी दचकल्यासारखी दिसते. सेनापतीचे रंगवायचेच असतील तर आधी गडद तपकिरी आडवी रेघ, तिच्यात मळकट पांढरी बारीक रेघ आणि मधे एक ठिपका.

बंदूक सोपी. ब्राउन बेसचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, तर तपकिरीवर दोन-तीन फिकट रेघा. त्या काळच्या ब्रिटिश नळ्या घासून चकचकीत ठेवत, म्हणून पोलाद उजळच. चापाभोवतीची कमान आणि दस्त्याचा तळ पितळी.

हायलँडरांसाठी त्वचा उन्हाने रापलेली, नाक-गाल लालसर. ७८ व्या पलटणीची कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या बफ, म्हणजे पिवळट चामड्याच्या रंगाच्या. बफ रंगाच्या पलटणींचे छातीवरचे पट्टेही पांढरे नसत, बफच असत. ७४ व्या पलटणीचे पांढरे. दोन पलटणी शेजारी उभ्या केल्या की एवढ्या एका फरकाने वेगळ्या ओळखू येतात, आणि जाणकार माणूस तिथेच मान डोलावतो.

किल्टची भीती फुकट आहे. आधी सगळा किल्ट गडद निळा. सुकल्यावर गडद हिरव्याचे उभे पट्टे, मधली जागा पट्ट्याएवढीच. मग तेवढेच आडवे. हिरवे पट्टे एकमेकांना छेदतात तिथे किंचित फिका हिरवा चौकोन ठेवा, त्यामुळे विणल्याचा भास होतो. ७८ व्या पलटणीच्या मॅकेंझी टार्टनमध्ये पांढऱ्या आणि लाल बारीक रेघा असतात. शुद्ध पांढऱ्याऐवजी करडा घ्या, तोही पाण्यासारखा पातळ, आणि रेघ एका दमात ओढा. मनगट टेबलावर टेकलेलं हवं. मागच्या चुण्यांमध्ये रेघ तुटली तर सोडून द्या, खऱ्या कापडाची रेघही चुणीत गडप होते. तीन किल्ट झाले की चौथ्याला हात आपोआप चालतो. १५ मिलिमीटरमध्ये या सगळ्याऐवजी निळ्यावर हिरव्याची जाळी आणि एखादी फिकी रेघ पुरे.

मराठी घोडदळ ही खरी मेजवानी. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. बारगिराचा घोडा सरकारी. शिलेदारांच्या पथकात म्हणूनच दोन स्वार सारखे नकोत. पण म्हणून रंगपेटी उधळायचीही नाही. ते कापड नैसर्गिक रंगांत रंगवलेलं असे: नीळ, आलाचा आणि मंजिष्ठाचा लाल, हळदीचा आणि करडईचा पिवळा-नारिंगी, आणि बाकी सगळं न धुतलेलं पांढरं. म्हणून पॅलेटवर पाच-सहा रंग मांडा आणि तेच फिरवत राहा. एकाचं पागोटं लाल तर शेला निळा, दुसऱ्याचं उलट, तिसऱ्याचा अंगरखा पांढरा आणि खोगीर लाल. दुरून पथक एकाच मुलखातलं दिसतं आणि जवळून प्रत्येक स्वार निराळा. पागोट्यांची घडण आणि अंगरख्यांचे काठ पाहायचे असतील तर पुण्यात १७९० च्या दशकात राहिलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची चित्रं बघा. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी अशी माणसं त्याने समोर बसवून रंगवली. हत्यारं आणि घडीव वस्तूंसाठी पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आहेच. शिंद्यांच्या कवायती कंपूंना, म्हणजे हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखालच्या पलटणींना, रंगवण्याची रीत ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासी शिपायांचीच.

घोडे रंगवताना लोक तपकिरी बाटली उघडतात आणि चाळीस घोडे तिच्यातच बुडवतात. त्यापेक्षा घोड्यांचे चार गट पाडा. कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी अंग, आयाळ, शेपटी आणि गुडघ्यांखालचे पाय काळे. चेस्टनटचं अंग आणि आयाळ एकाच तांबड्या छटेचं, पाय काळे नाहीत. पांढऱ्या-करड्या घोड्याचं नाकाड गडदच ठेवा, खालची कातडी काळी असते. चौथा गट गडद तपकिरी, जवळजवळ काळा. कपाळावरचा टिळा आणि एखाद्या पायाचा पांढरा मोजा थोड्यांनाच द्या. तोफांच्या पितळी नळ्यांना तपकिरी, त्यावर पितळ, त्यावर तपकिरी वॉश आणि कडांना पुन्हा पितळ. मराठ्यांच्या तोफा त्या दिवशी वेलस्लीच्या पलटणींना फार महाग पडल्या, तेव्हा गोलंदाजांवर थोडी मेहनत घ्यायला हरकत नाही.

झेंडा कागदावर छापा किंवा रंगवा, पण काठीवर गुंडाळल्यावर पातळ फेविकॉलने ओला करा आणि ओला असतानाच त्याला लाटा द्या. सरळ ताठ झेंडा पत्र्यासारखा दिसतो. कागदाची पांढरी कड त्याच रंगाने भरून घ्या. ही कड सगळेजण विसरतात.

आता बेस. बेसचा आकार आधी तुमच्या खेळाच्या नियमावलीतून घ्या, कारण पुढे बदलायचा म्हणजे सगळं उखडायचं. डीबीएसारख्या प्राचीन युद्धांच्या नियमांत १५ मिलिमीटरच्या तुकडीची रुंदी ४० मिलिमीटर ठरलेली असते, मोठ्या फिगरना ६०. नेपोलियनकालीन नियमांत बहुधा मोकळीक असते, तिथे २८ मिलिमीटरचे चार शिपाई ४० बाय ४० वर नीट उभे राहतात. चिकटवण्याआधी दोन बेस शेजारी ठेवून फिगर नुसत्या उभ्या करून बघा. संगिनी पुढच्या बेसवरच्या पाठींत घुसत असतील तर आत्ताच सरकवा. एमडीएफ ३ मिलिमीटरचं घ्या. त्याहून पातळ असेल तर ते ओल्या फेविकॉलने वाकतं.

फिगरच्या पायाखालची ओतलेली चकती झाकणं हे बेसिंगचं पहिलं काम. वॉल पुट्टीत थोडं फेविकॉल आणि तपकिरी रंग मिसळा, म्हणजे पुढे टवका उडाला तरी आत पांढरं दिसणार नाही. चकतीच्या कडेपर्यंत उतार करा. ओल्या पुट्टीवर चाळलेली वाळू आणि दोन-चार बारीक खडे. सुकल्यावर वरून पाणी मिसळलेलं फेविकॉल सोडा, दमट भागात राहत असाल तर जलरोधक प्रकारचं.

आणि इथे इंग्रजी पुस्तक मिटून ठेवा. त्या पुस्तकांतला बेस सहसा गोल्फच्या मैदानासारखा हिरवागार असतो, कारण तो बेल्जियमचा किंवा इंग्लंडचा आहे. असई सप्टेंबरअखेरची आहे: काळी माती, ओसरत्या पावसाचं हिरवं आणि टोकाला पिवळं पडू लागलेलं गवत, मधूनमधून बाभळीचं काटेरी झुडूप. काळ्या मातीसाठी काळा रंग वापरू नका. गडद तपकिरीत थोडा काळा मिसळा, त्यावर राखाडी-तपकिरीचा रुंद ड्रायब्रश आणि शेवटी फक्त खड्यांच्या माथ्यांवर फिकट मातकट. खरी शेतातली माती गोळा करायचा मोह होईलच. होऊ द्या, पण ती चाळा, तव्यावर भाजून किडे आणि ओल घालवा, आणि चिकटवल्यावरही रंगवाच. फेविकॉल लागलेली खरी माती नुसती काळपट डागासारखी दिसते.

स्टॅटिक ग्रास, म्हणजे बारीक तंतूंचं नकली गवत, एकाच छटेचं टाकू नका. हिरवं दोन भाग आणि वाळकं एक भाग मिसळा, आणि बेसचा निम्मा भाग उघडी माती राहू द्या. उरलेल्या अर्ध्या भागावर दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव फेकतात तसं गवत फेकण्याचा मोह आवरा. गवताचे गुच्छ शिपायांच्या पायांत नकोत, कोपऱ्यात आणि खड्याच्या आडोशाला. नदीकाठच्या पलटणीला थोडी ओलसर, गडद माती आणि उंच गवत द्या. ७४ वी पलटण असई गावासमोर भयंकर कापली गेली. तिचा एखादा बेस पडलेल्या शिपायाचा, तुटक्या बंदुकीचा करता येतो, आणि नियमांत पलटण किती खचली हे दाखवायला तोच उपयोगी पडतो. दोन्ही बाजूंच्या फौजांना बेस एकाच मातीचे द्या, कारण त्या एकाच शेतात उभ्या होत्या. बेसची कड मात्र एकाच सपाट तपकिरीने नीट रंगवा. शिपाई साधा असला तरी कड स्वच्छ असेल तर सगळी पलटण पूर्ण दिसते.

वार्निश दोनदा: आधी चकचकीत, तो टिकाऊ थर, मग वरून मॅट. मॅट स्प्रेला प्रायमरचाच नियम, किंबहुना जास्त कडक. दमट दिवशी मारलेला मॅट काळ्या आणि निळ्या भागांवर पांढरी राख पसरतो. शंका आली तर ब्रशनेच लावा. गवत वार्निशनंतर चिकटवा म्हणजे ते मोकळं राहतं.

बेसखाली पलटणीचं नाव आणि क्रमांक लिहा, चार लाल पलटणी झाल्यावर कुठली कुठली हे तुम्हालाही ओळखू येणार नाही. तिथेच, नाव झाकणार नाही असा, चुंबकी पत्रा चिकटवा आणि लोखंडी तळाच्या डब्यात उभ्या ठेवा. फोममध्ये खुपसून ठेवलेल्या संगिनी वाकतात आणि झेंड्यांचे कोपरे झिजतात. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. धातूच्या घोडेस्वारांचा डबा नेहमी खाली आणि प्लास्टिकचं पायदळ वर, आणि उचलण्याआधी झाकणाची कडी लागली आहे का ते बोटाने चाचपून बघा.